पदर ओढणारं बाळ

मुळशीत पावसाळ्यात एकदा वीज गेली की लवकर येत नाही. अशाच एका संध्याकाळी मी फोनवर एक चित्र बघत बसलो होतो. शेजारी आजीच्या मांडीवर माझी भाची तिचा पदर ओढत होती. चित्रातलं बाळही तेच करत होतं.

हे चित्र इटलीतल्या सिएना शहराच्या दुच्चोचं, साधारण १२९० ते १३०० या काळातलं. लाकडी फळी, तिच्यावर सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. चौकटीसकट उंची जेमतेम २८ सेंटिमीटर. बाळ येशू आईच्या डोक्यावरचं वस्त्र हाताने बाजूला सारतोय. मेरी मात्र उदास आहे, मुलाचं पुढे काय होणार हे ठाऊक असल्यासारखी.

तोवर इटलीतल्या बऱ्याच चित्रांत मेरी सिंहासनावरची राणी असे. क्रुसावरचा येशूसुद्धा ताठ, उघड्या डोळ्यांचा. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधू गावोगाव येशूच्या माणूसपणाबद्दल, त्याच्या वेदनेबद्दल बोलू लागले. हळूहळू चित्रांतही येशूचे डोळे मिटले, मान कलली. राणीची आई झाली.

देव आपल्यातला वाटावा ही धडपड आपल्याजवळही झाली. १९०२ साली गोव्यात जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकले आणि त्यांनी मेरीला साडी नेसवली. गोव्यात त्यावर नाराजी उमटली. युरोपीय चेहऱ्याची मेरी तिथे कुणाला परकी वाटत नव्हती. शेजारणीसारखी दिसणारी मात्र खटकली. फोन्सेका पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले, रंगवत राहिले. १९६७ मध्ये ते पुण्यातच वारले. आमच्या घरापासून एवढ्या जवळ, आणि शाळेत त्यांचं नावही कधी कानावर पडलं नव्हतं.

दुच्चोचं चित्र २००४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कोट्यवधी डॉलर मोजून घेतलं. मला त्या किमतीपेक्षा चौकटीच्या खालच्या कडेवरचे डाग महत्त्वाचे वाटतात. मेणबत्त्यांनी लाकूड जळलंय तिथे. आमच्या देव्हाऱ्यालाही समईची अशीच काजळी आहे.

आजीने फोनमध्ये डोकावून विचारलं, "हिला कसलं रे दुःख?"

मेरी कोण, हे आजीला माहीत नव्हतं. मी मुलाची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. भाचीच्या मुठीतला पदर तिने सोडवून घेतला नाही.