पुण्यातली सायकल रपेट : ऊनपावसातल्या एका रिवाजाचा इतिहास

सायकल काढावी, शहराबाहेर वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश जावे, वाटेत कुठे धरणाकाठी किंवा टेकडीखाली थांबावे आणि जेवणवेळेपर्यंत घरी परतावे, हा रिवाज पुण्यात विसाव्या शतकाच्या मध्याला रुजला. त्यात शर्यत नसते, अंतराचा हिशेब नसतो आणि कुणाला मागे टाकायचे नसते. सायकल हे या शहरात अनेक पिढ्यांचे रोजचे वाहन होते. त्याच वाहनाला रविवारी कामातून मोकळे केले की रपेट घडत असे. या रिवाजाचा इतिहास म्हणजे सायकलीच्या किमतीचा, दुकानांचा आणि रस्त्यांचा इतिहास आहे. त्याचबरोबर पुण्याच्या हवेचाही.

भूगोल आणि हवा

पुणे सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे घाटमाथ्यावर चढताना बहुतेक पाणी तिथेच टाकतात आणि पूर्वेकडे उतरताना कोरडे होत जातात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० ते ७५० मिलिमीटर आणि आणखी पूर्वेला दौंडच्या बाजूला त्याहूनही कमी. इतक्या थोड्या अंतरात हवा इतकी बदलत असल्यामुळे सायकलस्वाराला अर्ध्या दिवसात दोन-तीन प्रकारचे हवामान भेटते. कोथरूडला ऊन असते, पिरंगुटला भुरभुर असते आणि मुळशीच्या धरणाकडे जावे तसा पाऊस अंगावर कोसळू लागतो.

वाऱ्याची दिशाही या रपेटीला सोयीची आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. खडकवासला, पानशेत, मुळशी ही सारी ठिकाणे शहराच्या पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला आहेत. त्यामुळे जाताना वारा तोंडावर येतो आणि पाय ताजे असताना कष्ट उरकतात; परतताना वारा पाठीवर असतो आणि नदीच्या वाहण्याच्या दिशेने रस्त्याला किंचित उतारही मिळतो. थकलेला माणूस आरामात घरी पोहोचतो. जुने सायकलस्वार पावसाळ्यात पश्चिमेची वाट धरत, त्यामागे हा साधा अनुभव होता.

हवेचा अभ्यास करणारी संस्थाही याच शहरात आली. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला हलवले गेले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात आणि हवामानशास्त्राचे मोठे काम आजही तिथे चालते.

सायकलीचे आगमन

दोन सारखी चाके आणि साखळी असलेली आधुनिक सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ या नावाने बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि खडबडीत रस्त्यावरही सायकल सुसह्य झाली. महाराष्ट्राच्या सीमाभागात तिचा प्रवेश लवकर झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात या दुकानापासून, १८८८ पासून, मोजतो. लक्ष्मणराव सायकली विकत, दुरुस्त करत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. लोखंडी नांगर आणि १९१० मधली किर्लोस्करवाडी हे पुढचे टप्पे आहेत; मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाच्या आरंभी सायकलीचे दुकान आहे.

पुण्यात सायकल प्रथम दिसली ती लष्करी छावणी, गोरे अधिकारी आणि सधन कुटुंबे यांच्याकडे. मुंबई इलाख्याचे सरकार पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला येत असे; गणेशखिंडीतला गव्हर्नरांचा राजवाडा आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईच्या मुसळधार पावसातून सुटून पुण्याच्या हलक्या सरींत राहावे, हा त्यामागचा हेतू. पावसाळा हा घराबाहेर पडण्याचा हंगाम आहे, ही पुण्याची ओळख सायकल येण्याआधीच तयार झाली होती.

स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, बी.एस.ए., हर्क्युलिस अशा इंग्लिश सायकलींचे राज्य होते आणि त्या नोकरदाराला सहज परवडत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२) आणि लुधियान्याला हीरो (१९५६) यांचे उत्पादन सुरू झाले. देशी सायकल कारकून, शिक्षक आणि कामगार यांच्या आवाक्यात आली. पुण्यातल्या रपेटीचा खरा पाया या काळात घातला गेला.

सायकलींचे शहर

१९५० ते १९८० या तीन दशकांत पुणे सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात होते. त्याची कारणे स्पष्ट होती. पेठांच्या गल्ल्या अरुंद, शहराचा मधला भाग बराचसा सपाट आणि कामाची ठिकाणे पाच-दहा किलोमीटरच्या आत. फर्ग्युसन, स. प. महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या आवारात सायकलींच्या रांगा लागत. खडकीचा दारूगोळा कारखाना, किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स यांच्या पाळ्या सुटल्या की रस्ते सायकलींनी भरून जात. मुलींच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विस्तारही या शहरात सायकलीच्या आधाराने झाला. दांडी नसलेली ‘लेडीज सायकल’ आणि नऊवारीकडून पाचवारीकडे झालेला पेहरावातला बदल एकमेकांना पूरक ठरले.

ज्याच्याकडे स्वतःची सायकल नव्हती, त्याच्यासाठी कोपऱ्यावरचे सायकलमार्ट होते. तिथे सायकल तासाच्या भाड्याने मिळे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिही. अनोळखी गिऱ्हाइकाला ओळखीचा माणूस द्यावा लागे. मुलांसाठी छोट्या सायकली वेगळ्या असत आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना फार मागणी असे. वाटेत पंक्चर झाले तर त्याचा खर्च भाडेकऱ्याच्या माथी. हीच दुकाने पंक्चर काढत, छर्रे बदलत, चाकाचा आऊट काढत आणि पावसाळ्यापूर्वी सायकलीचे ओव्हरहॉलिंग करून देत. एका पिढीने सायकल शिकली ती या भाड्याच्या सायकलींवर, मधल्या त्रिकोणातून पाय घालून. कायद्याचा धाकही होता: रात्री दिवा हवा आणि डबलसीट चालणार नाही. विझलेल्या दिव्याची सायकल हातात धरून, पोलीस ओलांडून पुढे जाण्याची युक्ती साऱ्या शहराला ठाऊक होती.

रपेट आणि ऋतू

रपेटीच्या वाटा ठरलेल्या होत्या. जवळची म्हणजे पर्वतीचा पायथा, बंडगार्डन, चतुःशृंगी आणि पाषाणचा तलाव. थोडी लांबची म्हणजे खडकवासला. १८७० च्या दशकात पूर्ण झालेले हे धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर आलेल्या लोंढ्याने फुटले आणि नंतर पुन्हा बांधले गेले. धरणाच्या भिंतीकडेच्या चौपाटीवर भाजलेली कणसे आणि कांदाभजी यांची रेलचेल असते. त्याहून दमदार मंडळी सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीत सायकली लावून गड पायी चढत, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खात आणि संध्याकाळच्या आत घरी येत. कात्रज आणि दिवे हे घाट चढायचे तर जुन्या सायकलीवरून उतरून ती ढकलावी लागे, कारण ती सायकल बिनगिअरची, २८ इंची चाकांची आणि वीस किलोच्या आसपास वजनाची होती.

ऋतूप्रमाणे रपेट बदले. एप्रिल-मेमध्ये सकाळ लवकर गाठावी लागे, कारण दुपारनंतर वळवाचा भरवसा नसे. धुळीचे लोट, अचानक गार झालेला वारा आणि पूर्वेला काळे झालेले आभाळ ही त्याची चिन्हे. गारा पडू लागल्या की झाडाऐवजी पक्क्या छपराचा आसरा घ्यायचा, हे थोरांनी लहानांना सांगितलेले असे. आषाढात झड लागली की दिवसभर आभाळ उघडत नाही. अशा वेळी थोडक्या अंतराची फेरी पुरे. श्रावण हा रपेटीचा राजा महिना. सर येते, दहा मिनिटांत ओसरते, ऊन पडते, पुन्हा सर येते. रस्ता धुतलेला, हवा थंड आणि टेकड्या हिरव्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो, म्हणून त्या काळात सकाळची वेळ सुरक्षित. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने शहरात माणसे दगावली. परतीच्या पावसात ओढ्यावरचा रस्ता किती झटक्यात धोक्याचा होतो, हे त्या रात्रीने दाखवले. हिवाळ्यात आकाश स्वच्छ आणि पहाटे कडक थंडी. पाषाण आणि शिवाजीनगरला पारा काही दिवस दहा अंशांच्या खाली जातो.

पावसात सायकल चालवण्याचे एक शास्त्र या लोकांनी अनुभवातून बनवले. जुन्या सायकलीचे ब्रेक सळयांचे असत आणि त्यांची रबरे पोलादी रिमवर दाबली जात. रिम ओली झाली की रबर आणि धातू यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राही आणि ब्रेक लागायला कितीतरी जास्त अंतर लागे. म्हणून उताराच्या आधीच ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घेत. ओल्या टायरला काच किंवा टोकदार खडी सहज कापते, कारण पाणी वंगणासारखे काम करते. त्यामुळे पावसाळ्यात पंक्चरचे साहित्य, पाना आणि पंप सोबत असणे शहाणपणाचे. कातडी सीट भिजली की बेडौल होते, म्हणून तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवत. पुढच्या मडगार्डला रबराची झालर लावत, म्हणजे चिखल बुटांवर उडत नसे. घरी परतल्यावर साखळी फडक्याने पुसून तेलाचे थेंब सोडणे हा शेवटचा विधी. तो चुकला तर दोन दिवसांत साखळीवर गंज चढे. अंगावर डकबॅकचा रेनकोट किंवा साधे प्लास्टिक असे. पुष्कळजण मात्र भिजायचेच ठरवून निघत आणि कोरडे कपडे पिशवीत घट्ट बांधून ठेवत.

ओहोटी आणि पुनरागमन

१९७२ मध्ये कायनेटिकची लुना आली आणि त्याच सुमारास बजाज चेतक. दोन्ही कंपन्या पुणे परिसरातल्या. जे कामगार सायकलवरून आकुर्डी-चिंचवडला जात होते, त्यांच्याच हातून सायकलीची जागा घेणारी वाहने तयार झाली. १९८० आणि १९९० च्या दशकांत कर्ज मिळणे सोपे झाले, उपनगरे दूर पसरली, कामाचे ठिकाण आणि घर यांतले अंतर वाढले. सायकलींचे शहर दुचाकींचे शहर झाले. भाड्याची दुकाने एकेक करत बंद पडली किंवा मोटरसायकल दुरुस्तीकडे वळली. वाढत्या वाहनांमुळे सायकलस्वार रस्त्याच्या कडेला ढकलला गेला आणि रपेट काही मोजक्या हौशी लोकांपुरती उरली.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिअरच्या हलक्या सायकली सहज मिळू लागल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या रिम आणि पुढे डिस्क ब्रेक यांमुळे ओल्या रस्त्यावर थांबणे सोपे झाले. कात्रजचा घाट बसूनच चढता येऊ लागला. माहिती तंत्रज्ञानातल्या तरुण नोकरदारांचे आणि निवृत्तांचे गट पहाटे बाहेर पडू लागले. याच काळात दूर पल्ल्याचे ठरावीक वेळेतले सायकलिंगही आले. त्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. तो वेगळा खेळ आहे. कर्वेनगरात २०१७ मध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय उघडले आणि जुन्या सायकलींचा वारसा पाहण्याजोगा झाला.

महापालिकेनेही पावले उचलली. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून २००५ नंतर सातारा रस्ता, सोलापूर रस्ता अशा काही मार्गांच्या कडेला सायकल मार्ग बांधले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला आणि त्यात ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा प्रस्ताव होता. त्याच महिन्यात मोबाइलवरून भाड्याने सायकल देण्याच्या योजना विद्यापीठात आणि औंधमध्ये सुरू झाल्या. जुन्या सायकलमार्टचे ते नवे रूप होते, पण वही लिहिणारा, चेहरा ओळखणारा आणि पंक्चर काढणारा माणूस त्यात नव्हता. सायकलींची मोडतोड झाली, चोऱ्या झाल्या आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक योजना गुंडाळल्या गेल्या. २०२० च्या टाळेबंदीत मोकळ्या रस्त्यांमुळे सायकलींना पुन्हा मागणी आली. वाहने परतताच ती ओसरली.

आज पश्चिमेकडे जाणाऱ्या सायकलस्वाराला चांदणी चौक किंवा वारजे इथे बाह्यवळण महामार्ग ओलांडावा लागतो. दक्षिणेची वाट कात्रजला तोच रस्ता अडवतो. रपेटीतला सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच. बांधलेले सायकल मार्ग जागोजागी तुटलेले, वाहने उभी करून अडवलेले आणि पावसाळ्यात पाणी साठणारे आहेत. शहराच्या हवेने आणि भूगोलाने सायकलीला दिलेली अनुकूलता मात्र तशीच आहे. रपेटीचा इतिहास असे सांगतो की हा रिवाज महागड्या सायकलींवर किंवा आराखड्यांवर कधीच उभा नव्हता. तो उभा होता परवडणाऱ्या सायकलीवर, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानावर आणि लहान मुलालाही सोबत नेता येईल अशा सुरक्षित रस्त्यावर. यांतली पहिली गोष्ट आज उपलब्ध आहे. उरलेल्या दोन पुन्हा उभ्या करणे ही महापालिकेची आणि नागरिकांची जबाबदारी आहे.