दूरसंदेशवहन जालांचे मूल्यमापन

संदेशवहनाचे जाल किती भार पेलते व बिघाड झाला असता कितपत टिकून राहते, हे ठरविण्याची पद्धती. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे जानेवारी १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. या केंद्रांत जोडणी हाताने करावी लागे. त्यामुळे सेवेचा दर्जा बव्हंशी चालकाच्या तत्परतेवर अवलंबून असे.

या विषयाला गणिती पाया आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञांनी घातला (१९०९ व १९१७). सरासरीने एकाच वेळी पाच संभाषणे चालू राहतील एवढा भार असेल, तर तो पाच एर्लांग होय. हा भार पाच मार्गांवर टाकल्यास सु. २८ टक्के मागण्या परत जातात. मार्ग दहा केल्यास २ टक्क्यांहून कमी. मार्ग दुप्पट, पण नकार पंधरापट कमी! राखीव क्षमता म्हणजे उधळपट्टी, असे मानणाऱ्या नियोजकांच्या हे सहसा ध्यानी येत नाही.

मात्र मागण्या परस्परांपासून स्वतंत्र असतात, असे या सूत्रात गृहीत धरलेले असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, तेव्हा हे गृहीत कोसळले. अवघे शहर एकाच वेळी घरच्यांचा शोध घेऊ लागले. न लागलेला फोन पुनःपुन्हा लावला गेल्याने भार आणखी वाढला. त्याच वेळी उपनगरांत वीज नव्हती व मनोऱ्यांच्या विद्युत् घटमाला रित्या होत होत्या. मागणीचा कळस आणि क्षमतेचा ऱ्हास एकाच कारणाने घडतात, हे नित्याच्या मोजमापांत दिसत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (स्थापना १९९७) २००९ च्या विनियमांत तुटणाऱ्या संभाषणांची मर्यादा २ टक्के ठेवली. पण ती संपूर्ण सेवाक्षेत्राची सरासरी होती. महाराष्ट्राची सरासरी मर्यादेत असूनही नागपूरच्या नंदनवनातील एखाद्या मनोऱ्याखाली दहापैकी दोन संभाषणे तुटणे शक्य होते. सरासरीचा हा आडोसा २०१७ च्या दुरुस्तीने बराचसा दूर झाला : किमान ९० टक्के कक्षांनी किमान ९० टक्के दिवस मर्यादा पाळावी, अशी कसोटी आली. २०२४ च्या विनियमांनी जिल्हा हे एकक मानले. जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक बंद राहिल्यास कळविणे, व २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला भाड्यात सूट वा मुदतवाढ देणे बंधनकारक झाले.