डस्ट बोल बॅलड्स

अमेरिकन लोकगायक व गीतकार वुडी गथ्री (१४ जुलै १९१२–३ ऑक्टोबर १९६७) याचा प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका-संच. गथ्रीची व्यापारी स्वरूपाची ही पहिलीच ध्वनिमुद्रणे होत. ‘व्हिक्टर’ या कंपनीने जुलै १९४० मध्ये ती प्रत्येकी तीन तबकड्यांच्या दोन संचांत प्रसिद्ध केली. सहा तबकड्यांच्या बारा बाजूंवर एकूण अकरा गीते असून त्यांपैकी ‘टॉम जोड’ हे दीर्घ कथागीत दोन बाजूंवर विभागलेले आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिण मैदानी प्रदेशात झालेली धुळीची वादळे व तेथील गरीब शेतकऱ्यांचे कॅलिफोर्नियाकडे झालेले स्थलांतर हा या सर्व गीतांचा समान विषय आहे. एकाच विषयसूत्रात गुंफलेल्या गीतसंचांचे हे एक आरंभीचे उदाहरण मानले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ओक्लाहोमा व टेक्सस या राज्यांच्या परस्परांना लागून असलेल्या भागांत मुळात गवताळ कुरणे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाचे भाव चढल्याने व पुढे ट्रॅक्टरचा वापर वाढल्याने ही कुरणे मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. माती धरून ठेवणारे गवत नाहीसे झाले आणि १९३१ पासून अवर्षण सुरू होताच उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी आलेले वादळ सर्वांत भीषण ठरले. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. त्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसने मृदासंधारणाचा कायदा संमत केला. जागतिक महामंदीमुळे शेतमालाचे भाव कोसळलेले असताना हे संकट ओढवल्याने हजारो कुटुंबे देशोधडीला लागली.

गथ्रीचा जन्म पूर्व ओक्लाहोमातील ओकीमा या गावी झाला. काळ्या रविवारी तो टेक्ससमधील पॅम्पा येथे राहत होता. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला. लॉस अँजेल्सच्या एका नभोवाणी केंद्रावरून त्याने १९३७ पासून स्थलांतरितांच्या आवडीची जुनी गाणी गायिली व निर्वासितांच्या छावण्यांतूनही तो हिंडला. १९४० च्या आरंभी तो न्यूयॉर्कला आला. मार्चमध्ये शेतमजुरांच्या साहाय्यार्थ झालेल्या एका कार्यक्रमात लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने त्याचे गाणे ऐकले. लोमॅक्सने प्रथम लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याची गाणी व आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि नंतर व्हिक्टर कंपनीकडे त्याची शिफारस केली. प्रस्तुत संचातील बहुतेक गीतांचे ध्वनिमुद्रण न्यू जर्सी राज्यातील कॅमडेन येथे २६ एप्रिल १९४० रोजी एकाच दिवसात झाले.

सांगीतिक वैशिष्ट्ये : या गीतांना वाद्यवृंदाची साथ नाही. गथ्रीचा आवाज, त्याची गिटार आणि काही ठिकाणी हार्मोनिका एवढीच सामग्री आहे. आवाज कोरडा, किंचित अनुनासिक व ओक्लाहोमाच्या बोलीचे वळण असलेला आहे. त्यात कंप नाही व भावनेचे प्रदर्शनही नाही. मृत्यू, उपासमार किंवा मारहाण यांचे वर्णनही तो घडले ते सांगावे अशा समतोल स्वरात करतो. त्यामुळे शब्द सुस्पष्ट ऐकू येतात आणि त्यांना साक्षीचे मोल येते. गिटारवादनात कार्टर कुटुंबातील मेबेल कार्टर हिच्या पद्धतीचा प्रभाव दिसतो. या पद्धतीत अंगठ्याने खर्जाच्या तारांवर चाल वाजवितात व इतर बोटांनी वरच्या तारा छेडून लय राखतात. एकाच वाद्यातून चाल व ताल ही दोन्ही कामे त्यामुळे साधतात.

गथ्रीने नव्या चाली क्वचितच बांधल्या. श्रोत्यांच्या परिचयाच्या जुन्या चालींवर त्याने नवे शब्द बसविले. ‘टॉम जोड’ ला ‘जॉन हार्डी’ या जुन्या कथागीताची चाल आहे, तर ‘ब्लोइंग डाउन धिस रोड’ हे एका प्रचलित लोकगीताचे रूपांतर आहे. ही निवड केवळ सोयीची नव्हती. ‘आय एन्ट गॉट नो होम’ या गीतावरून हे स्पष्ट होते. इहलोक हे आपले खरे घर नव्हे, खरे घर स्वर्गात आहे, असे सांगणारे एक भक्तिगीत स्थलांतरितांमध्ये लोकप्रिय होते. गथ्रीने तीच चाल घेतली, पण बेघरपणाचे कारण सावकार व पोलीस यांच्यात दाखविले. मूळ गीत ज्याला पाठ होते, त्या श्रोत्याला ओळखीच्या सुरांतून परलोकाच्या सांत्वनाऐवजी इहलोकातील अन्यायाची जाणीव होत असे. चालीची ओळख हाच येथे अर्थाचा भाग बनला आहे.

रचनाप्रकारांची विविधता हेही या संचाचे वैशिष्ट्य आहे. ‘टॉकिंग डस्ट बोल ब्लूज’ मध्ये गिटारच्या एकसारख्या ठेक्यावर मजकूर गायिला न जाता लयीत बोलला जातो आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी मात्रांबाहेरची एखादी तिरकस टिप्पणी येते. ‘डस्ट न्यूमोनिया ब्लूज’ मध्ये पहिल्या ओळीची पुनरावृत्ती असलेले ब्लूजचे तीन ओळींचे कडवे आहे. धुळीने फुप्फुसे भरल्यामुळे गायकाला जिमी रॉजर्सप्रमाणे योडलिंग करता येत नाही, असा विनोद त्यात आहे. परंतु धुळीमुळे होणारा तो न्यूमोनिया खरा व अनेकदा प्राणघातक होता. ‘डो रे मी’ या शीर्षकात श्लेष आहे. पाश्चात्त्य सरगमातील ‘डो’ या स्वरनामाचा उच्चार कणकेसाठी असलेल्या इंग्रजी शब्दासारखाच होतो व बोलीभाषेत त्या शब्दाचा अर्थ पैसा असा आहे. १९३६ मध्ये लॉस अँजेल्सच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवर जाऊन निर्धन स्थलांतरितांना अडविले होते. त्या प्रकाराचा संदर्भ या खेळकर चालीच्या गीताला आहे. याउलट ‘व्हिजिलँटी मॅन’ ची लय संथ आहे. मळेवाल्यांच्या सशस्त्र हस्तकांविषयी त्यात पुनःपुन्हा प्रश्न विचारला जातो व त्यातून दहशतीचे वातावरण उभे राहते.

‘टॉम जोड’ मध्ये जॉन स्टाइनबेकच्या द ग्रेप्स ऑफ रॉथ (१९३९) या कादंबरीचे कथानक सुमारे साडेसहा मिनिटांत सांगितले आहे. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. म्हणून त्याचे दोन भाग करावे लागले. एकाच चालीची कडवी एकापाठोपाठ येतात. वाद्यांचे मध्यंतर फारसे नाही व प्रसंगांना जोडणारे निवेदनही जवळजवळ नाही. ज्यांना कादंबरी विकत घेणे वा तिच्यावरील चित्रपट पाहणे परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत ही कथा पोहोचावी, असा यामागे गथ्रीचा हेतू होता.

मूल्यमापन : इतिहासाचे साधन म्हणून या गीतांचा उपयोग करताना काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कॅलिफोर्नियात गेलेले अनेक लोक प्रत्यक्ष धुळीच्या पट्ट्यातील नव्हते. ते पूर्व ओक्लाहोमा, आर्कॅन्सॉ इ. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांतील कुळे व वाटेकरी होते. कापसाखालील क्षेत्र कमी करण्यासाठी १९३३ पासून सरकारने दिलेले अनुदान जमीनमालकांना मिळाले, त्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि कुळांना जमिनीवरून काढून टाकले. धुळीचे अरिष्ट व कुळांची हकालपट्टी या दोन वेगळ्या घटना गथ्रीच्या गीतांत एकरूप झाल्या आहेत. तथापि ‘डस्ट केन्ट किल मी’ मध्ये घर हिरावणारा ट्रॅक्टर व जमीनमालकही धुळीच्या जोडीला येतात. आपत्ती केवळ निसर्गनिर्मित नव्हती, हे सत्य त्याने नजरेआड केले नाही. या संचाची मोठी उणीव निराळीच आहे. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत आधीपासून राबणारे मेक्सिकन व फिलिपिनो मजूर त्यात दिसत नाहीत. याच दशकात मेक्सिकन वंशाच्या असंख्य लोकांना मेक्सिकोत धाडण्यात आले होते. १९४८ मध्ये विमान-अपघातात मृत्यू पावलेल्या मेक्सिकन मजुरांवर गथ्रीने ‘डिपोर्टी’ हे गीत लिहिले. त्याने ही उणीव काही अंशी भरून निघाली.

‘फोकवेज’ या संस्थेने १९५० मध्ये या गीतांची दीर्घध्वनिमुद्रिका काढली. १९६४ मध्ये व्हिक्टरच्या उत्तराधिकारी कंपनीने मूळ संचातून वगळलेल्या ‘प्रिटी बॉय फ्लॉइड’ व ‘डस्ट बोल ब्लूज’ या दोन गीतांसह तो पुन्हा प्रसिद्ध केला. नव्या पिढीच्या गायकांना ही गीते उपलब्ध झाली, ती प्रामुख्याने अशा पुनर्मुद्रणांमुळे. बॉब डिलनच्या १९६२ मधील पहिल्या संचात गथ्रीला उद्देशून रचलेले एक गीत आहे, तसेच बोलत्या ब्लूजचा नमुनाही आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९९५ मधील आपल्या संचाला ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ असे नाव दिले व त्यातील काही गीतांत मेक्सिकोहून येणाऱ्या स्थलांतरितांचे जीवन चित्रित केले. स्वतः रचलेली गीते एका वाद्याच्या साथीने गाऊन समकालीन घटनांविषयी बोलणारा गायक ही आधुनिक संगीतातील भूमिका रूढ करण्यात डस्ट बोल बॅलड्स चा वाटा मोठा आहे.