थंडीने पिवळी पडलेली केळीची बाग वसंतात सावरते का?

जळगाव म्हटलं की उन्हाळ्यातले ४४-४५ अंश आठवतात. पण इथल्या केळीला डिसेंबर-जानेवारीतली थंडीही तेवढीच छळते. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही केळी रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागात पिकते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूरकडेही केळीच्या बागा आहेत. पारा एक आकडी झाला की या सगळ्या पट्ट्यात काळजी सुरू होते.

थंडीत नेमकं काय होतं?

केळी उष्ण प्रदेशातलं पीक आहे. तापमान साधारण १६ अंशांखाली गेलं की वाढ मंदावते आणि १० अंशांच्या आसपास इजा होऊ लागते. पोंगा लवकर उलगडत नाही, पानं पिवळी पडून कडेने करपतात. ऐन निसवणीत थंडी आली तर घड खोडातच अडकतो. आधीच निसवलेल्या घडाची फुगवण रेंगाळते आणि काढणी लांबते.

मग बाग सावरते का?

ते झाडाच्या वयावर अवलंबून असतं. कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी. हिवाळ्यात ती लहान असते आणि तिचा वाढीचा कोंब कंदाजवळ सुरक्षित असतो. त्यामुळे वरची पानं गेली तरी फेब्रुवारीत ऊब वाढताच नवा पोंगा निघतो. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या मृगबागेचं गणित वेगळं. झाड एकदा निसवलं की त्याला नवीन पान येत नाही. आहेत त्याच पानांवर घड पोसायचा असतो. म्हणून निसवलेल्या झाडाची थोडी पिवळी, पण निम्म्याहून जास्त हिरवी पानं घाईने कापणं महागात पडतं.

शेतकरी काय करतात?

- रात्री किंवा पहाटे विहिरीचं पाणी देतात. ते हवेपेक्षा उबदार असतं.
- पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात.
- घडांवर पिशव्या चढवतात.
- बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण लावतात.

विम्याचं काय?

हवामान आधारित फळपीक विम्यात केळीसाठी कमी तापमानाची जोखीम धरलेली आहे. मात्र ही भरपाई बागेतलं पिवळं पान पाहून मिळत नाही. महसूल मंडळासाठी नेमलेल्या हवामान केंद्रावर पारा ठरलेल्या मर्यादेखाली सलग ठरलेले दिवस राहिला का, यावर ती ठरते. केंद्र आणि नदीकाठची सखल बाग यांच्या तापमानात फरक पडू शकतो आणि वाद तिथेच होतो.

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत जाते, असं म्हणतात. त्यानंतर बागेला सावरायला जेमतेम महिनाभर मिळतो, कारण एप्रिलपासून उष्ण वारे पानं फाडू लागतात. तेव्हाही थंडीसाठी लावलेलं तेच शेवरीचं कुंपण कामी येतं.