देवयानीचा फोटो: काचेपासून संगणकापर्यंत

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, रात्री नऊच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडच्या पिशोरहून पाहिलं तर देवयानी दीर्घिका माथ्यापासून वीसेक अंश उत्तरेला असते. डोळ्यांना ती धुरकट ठिपक्याएवढीच दिसते. दुर्बिणीला कॅमेरा लावून दोन मिनिटांचा फोटो घेतला तरी हाती येतो तो उजळ गाभा आणि भोवतीचा करडा डाग. सर्पिल भुजा आणि धुळीचे काळे पट्टे उमटतात ते नंतर, संगणकावर. म्हणून फोटो पाहणारा पहिल्यांदा विचारतो, ‘हे खरं, की कॉम्प्युटरवर केलेलं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी या कामाची वंशावळ पाहावी लागते.

29 डिसेंबर 1888 रोजी इंग्लंडमध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानीचा काचेवर घेतलेला फोटो हा या वंशावळीचा मूळपुरुष. रॉबर्ट्स बांधकाम व्यवसायातले, आकाशाचे हौशी निरीक्षक. दुर्बीण 20 इंची, डब्लिनच्या ग्रब कारखान्यातली. त्याच साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. तिथली 20 इंची दुर्बीणही ग्रबचीच. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी तिथे मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. ते निवृत्त झाले, 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. दीर्घिकांच्या छायाचित्रणाचं बी मराठी मुलखात तेव्हाच रुजू शकलं असतं, याची चुटपुट मला आजही लागते.

आजच्या प्रक्रियेचे खरे जनक मात्र डार्करूममधले. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी 1970च्या दशकात मूळ काचेची एक मुद्दाम धूसर केलेली उलटी प्रत काढली, ती मूळ काचेला चिकटवली आणि दोन्हींतून प्रकाश सोडला. झगझगीत गाभा दबला, बारीक तपशील वर आले. एकाच दीर्घिकेच्या अनेक काचा एका फिल्मवर उतरवून त्यांनी फिल्मच्या कणांमुळे येणारा गोंगाटही (नॉइज) कमी केला. यात हाताने रंगवलेलं काहीच नव्हतं. जे काचेवर होतं, तेच दिसेलसं केलं होतं.

1969 मध्ये बेल लॅब्समध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडी या इलेक्ट्रॉनिक सेन्सरची कल्पना मांडली आणि पुढे काच गेली. रीत मात्र तीच राहिली. शंभर फोटो एकावर एक रचले की दीर्घिकेचा प्रकाश शंभरपट साठतो, गोंगाट फक्त दहापट. एखाद्याच फोटोत आलेली उपग्रहाची रेघ सरासरीतून वगळता येते. झाकण लावून घेतलेले ‘डार्क’ फोटो सेन्सरचे दोष वजा करतात. ‘फ्लॅट’साठी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून बांधायचं आणि पहाटेच्या उजेडात फोटो घ्यायचे. सेन्सरजवळच्या धुळीची गोल वलयं त्यात नेमकी उमटतात आणि मग मूळ फोटोतून काढता येतात. मक्याच्या काढणीच्या दिवसांत शिवारात इतकी धूळ असते की फ्लॅटचा आळस केला तर सगळी रात्र वाया जाते.

धुळीचा त्रास असला तरी पिशोरला एक देणगीही आहे. युरोपातल्या बहुतेक हौशींच्या क्षितिजावर कधीच न येणारी सेंटॉरस ए ही दीर्घिका इथून दक्षिणेला 27 अंशांपर्यंत वर येते. छत्रपती संभाजीनगरचा उजेडही त्याच बाजूला असतो. तो वजा करणं हेही प्रक्रियेचंच काम.

2023च्या आरंभी तीन युरोपीय हौशींनी देवयानीच्या शेजारी ऑक्सिजन वायूची एक भली मोठी कमान जाहीर केली. शंभराहून अधिक तासांचा प्रकाश त्यांनी साठवला होता. इतरांनी आपापल्या दुर्बिणींतून तीच कमान टिपली, तेव्हा शंका उरली नाही. खरं-खोटं ठरवायची कसोटी हीच: दुसऱ्याच्या फोटोत ते सापडतं का?

यंत्रशिक्षणावर चालणारी नवी साधनं गोंगाट पुसता पुसता अंदाजाने तपशील भरू शकतात. म्हणून फोटो कुणाला पाठवताना किती तासांचा प्रकाश, कोणती साधनं आणि काय वजा केलं, हे खाली लिहाच. आणि मूळ फोटो कधीही पुसू नका.