घाटावरून पाहिलेला सुवर्णदुर्ग

आम्ही पारनेरची माणसं घाटावरची. पाणी मोजायचं ते विहिरीच्या परसांनी. समुद्र हे राज्याचं अंगण असतं, हे मला हर्णैला कळलं.

सकाळी किनाऱ्यावरचे कनकदुर्ग आणि फत्तेगड पायी पाहिले. मग मच्छीमारांच्या होडीनं समुद्रातल्या सुवर्णदुर्गावर गेलो. दरवाजा तटाच्या वळणात असा दडवलाय, की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव, तटावर मारुती. आंग्र्यांच्या आरमाराचं हे बळकट ठाणं.

एप्रिल १७५५ मध्ये ते पडलं. समुद्रातून तोफा डागल्या कमोडोर जेम्स या इंग्रजानं. पण त्याच्याशी करार केला होता पुण्याच्या नानासाहेब पेशव्यांनी. तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत, हा राग. पुढच्या फेब्रुवारीत, १७५६ साली, विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, समुद्र मात्र इंग्रजांना.

तुळाजींचा हट्टही होताच. पण भावकीच्या बांधासाठी परका बोलावला, तर विहीर त्याची होते, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

२०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यांत सुवर्णदुर्ग आहे आणि विजयदुर्गही. तिथं जाल तेव्हा तटावरून समुद्राकडे बघाच. पण एकदा वळून घाटाकडेही बघा. घाव दोन्हीकडून आला होता.