कायद्याने वाटून घेतलेला देह

वऱ्हाडातल्या दर्यापूरचा इतिहास सांगायला बसले की तो कापसापासूनच सुरू होतो. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन, चंद्रभागेच्या काठचे गाव, त्याला चिकटलेले बनोसा आणि विहिरीला खारे पाणी लागणारा मुलूख. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपवले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटल्याने तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. पुढे रेल्वे आली, आणि मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी छोटी गाडीही आली. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणतात. तिचे एक वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडले होते, इतक्या बारकाईने तिची नोंद झाली आहे. भाव, गठाणी, दलाल, पतपेढ्या, जिनांचे मालक हे सगळे या इतिहासात सापडतात. बोंडातून कापूस काढून कमरेच्या ओटीत टाकणारी बाई मात्र 'मजूर' या शब्दाआड जाते. तिची मजुरी किती होती हा एक प्रश्न झाला. पण तिचे शरीर कोणाच्या हुकमात होते हा त्याहून मूळचा प्रश्न आहे, आणि स्त्रीमुक्तीच्या आपल्या चर्चेत तो उशिरा आला असे मानण्याची सवय आहे. वऱ्हाडचा पुरावा वेगळे सांगतो. इथे तो फार लवकर विचारला गेला. सुधारकांनी आणि कायद्याने मात्र बाईच्या देहाचे तुकडे केले, हात कारखान्याला, कूस नवऱ्याला आणि अब्रू जातीला वाटून दिली आणि एकेका तुकड्याचा स्वतंत्र निवाडा केला.

आधी हात. पऱ्हाटीत वेचणी ही बायकांचीच मानली गेलेली आहे. बोंडाची वाळलेली टोके नखांत शिरतात, दिवसभर कंबर अर्धी वाकलेली राहते, आणि मजुरी वजनावर मिळते. हाताने रुई आणि सरकी वेगळी करण्याचे कामही पूर्वी घरातल्या बायकांकडेच होते. जिने आली तेव्हा ते घरातून उठून पत्र्याच्या छपराखाली गेले, आणि धूळ, गरमी व हंगामाची घाई सोबत घेऊन गेले. १८९१च्या कारखाना कायद्याने बाईच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. १९११च्या कायद्याने रात्री सात ते पहाटे साडेपाच या वेळेत बायकांना कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली आणि त्याच कायद्यात एक सवलत ठेवली. कापसातली सरकी काढणाऱ्या आणि कापूस दाबून गठाणी बांधणाऱ्या कारखान्यांना, पुरेशा बाया ठेवून प्रत्येकीचे तास अकराच्या आत राखले तर, ही रात्रीची मनाई लागू नव्हती. म्हणजे मुंबईच्या गिरणीतल्या बाईची रात्र कायद्याने राखली, वऱ्हाडातल्या जिनातल्या बाईची मालकाच्या सोयीवर सोडली. कारण उघड होते: हंगाम छोटा, माल ढिगाने, पाऊस लागला तर नुकसान. गठाण भिजण्याची काळजी कायद्याला होती. अंधारात घरी परतणाऱ्या बाईच्या वाटेची काळजी त्याच्या मजकुरात कुठेच दिसत नाही.

बाळंतपणाचीही तीच गत झाली. प्रसूतीच्या काळात बाईला पैसे मिळावेत असा कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली आणि मध्य प्रांताने १९३० साली केला. १९३१मध्ये कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटली आयोगाने असा कायदा देशभर व्हावा असे म्हटले, पण तो बारमाही कारखान्यांत पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांपुरता. हंगामी जीन बाहेर राहिले, आणि वावरातली वेचणी तर कधी विषयातच नव्हती. इथे एक सूत्र दिसते. कायद्याला बाईचे शरीर ओळखता येते ते ती हजेरीपटावर असताना. ज्या हंगामात ती पोटुशी राहून वेचायला येते त्या हंगामात ती त्याच्या लेखी फक्त किलो किंवा मण असते.

आता कूस आणि अब्रू. बाईचे शरीर कोणाच्या हुकमात हा प्रश्न पहिल्यांदा जिने रोखठोक विचारला ती बाई वऱ्हाडचीच. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क आणि सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, मग वरच्या कोर्टात ती कमी झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्यांचा युक्तिवाद आजही धारदार वाटतो, कारण तो दयेच्या मार्गाने जात नाही. पोटात गर्भ एकटीने येत नाही, मग शिक्षा, मुंडण, कोंडून ठेवणे आणि बदनामी हे सगळे एकाच देहावर का कोसळते, असा त्यांचा हिशेब आहे. धर्मशास्त्रात पुरुषाला दुसरे लग्न आणि बाईला जन्मभराची शिक्षा आहे. ताराबाई हा पोथीचा मुद्दा थेट शरीरावर उतरवून दाखवतात. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकीच्यांनी पुस्तक विसरणे पसंत केले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणीपर्यंत ते जवळजवळ अदृश्य होते.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. विधवेचे मुंडण आणि घरकोंडी हे वरच्या जातींचे दुखणे होते. वऱ्हाडातल्या कुणबी, माळी, महार बायका वावरात हिंडत, बाजारात भांडत, नवरा गेला तर पाट लावत, नाही पटले तर काडीमोड घेत. मग त्या मोकळ्याच नव्हत्या का? आक्षेपातले अर्धे खरे मान्य करायलाच हवे. पाटाची रीत ही खरोखरची सवलत होती, आणि प्रतिष्ठा मिळवू पाहणाऱ्या घराण्यांनी ती मोडीत काढली तेव्हा बायकांचे नुकसान झाले. ताराबाई स्वतः मराठा घरातल्या, म्हणूनच बंदीची ही लागण ब्राह्मणांपुरती राहिलेली नाही हे त्यांना दिसत होते. पण हिंडता येणे आणि आपल्या शरीराचा निर्णय आपल्या हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वेचायला जाणारी बाई उंबऱ्याबाहेर होती खरी, पण मुकादमाच्या नजरेखाली, पाटलाच्या दारी, जातीने ठरवलेल्या लुगड्याच्या उंचीत. डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकायला सांगितले. जात देहावर कशी लिहिली जाते हे त्यांना माहीत होते. मोकळ्या हवेत काम करणारी बाई म्हणून मोकळी, हे मत घरात बसून कामाकडे पाहणाऱ्याचे आहे.

पाश्चात्त्य स्त्रीवादी तत्त्वज्ञानाशी ही गोष्ट ताडून पाहण्यासारखी आहे. सिमोन द बोव्हार यांचे बाईच्या देहाचा विचार करणारे पुस्तक १९४९चे, ताराबाईंच्या नंतर ६७ वर्षांनी आलेले. तेव्हा देहाचा विचार परदेशातून उसना आणला ही तक्रार टिकत नाही. आयरिस मॅरियन यंग यांनी १९८०च्या एका निबंधात दाखवले की मुली चेंडू फेकताना सगळे अंग वापरत नाहीत, जागा कमी व्यापतात, कारण आपले शरीर दुसऱ्याच्या नजरेतली वस्तू आहे हे त्यांना शिकवलेले असते. निरीक्षण चोख आहे. पण पऱ्हाटीतली बाई अंग चोरत नाही, तिला ते परवडतच नाही. ती सगळे शरीर वापरते, आणि तरी ते तिचे नसते. म्हणून वऱ्हाडच्या पुराव्याने त्या तत्त्वज्ञानाला एक दुरुस्ती सुचवावी लागते: बाईचे पारतंत्र्य अंग आखडण्यात दिसते तसेच अंग पूर्ण खर्ची पडण्यातही दिसते.

हे तुकडे पुन्हा एकत्र जोडले गेले ते नागपूरला, २० जुलै १९४२ रोजी. अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बालविवाहाबरोबर त्या संततिनियमनावर बोलल्या, तेही हजारो बायकांच्या जाहीर सभेत. चारच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १९३८मध्ये, मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला होता आणि तो ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला होता. परिषदेचे ठराव एकामागोमाग वाचले तर त्यांचा क्रमच बोलका वाटतो: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना भरपगारी रजा आणि म्हातारपणी पेन्शन, गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच. कायद्याने आणि सुधारकांनी वेगवेगळ्या कप्प्यांत टाकलेले लग्न, मूल, तास आणि स्पर्श इथे एकाच बैठकीत, एकाच शरीराचे म्हणून आले. पुस्तकी तत्त्वज्ञान नव्हते हे, पण तत्त्वज्ञान होते.

कोणी म्हणेल, हा सगळा दारिद्र्याचा प्रश्न. मजुरी वाढवा, देहाचे कोडे आपोआप सुटेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट या मताला आडवी येते. तिथे जोडप्याला कोयता म्हणतात, उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांत काम थांबू नये म्हणूनही गर्भाशय काढून टाकलेल्या बायका तिथे आहेत. २०१९ साली आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या सरकारी समितीने केलेल्या पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची संख्या तेरा हजारांच्या वर गेली. दर वाढला तरी खाड्याचा नियम तोच राहिला तर पोटातला अवयव हीच अडचण ठरते; तिथे पैसा आणि देह यांची फारकत करून हिशेब लागत नाही.

शेवटचा आक्षेप सुलोचनाबाईंवरच घेता येईल. संततिनियमन म्हणजे गरिबांची पोरे कमी करण्याची वरच्यांची हौस नव्हती का? पुढे तसे झालेही. आणीबाणीत नसबंदीचे आकडे गाठण्याची धावपळ झाली, आणि १९७७नंतर तो भार पुरुषांवरून बायकांवर सरकला. कुटुंबनियोजनाची शिबिरे गावोगावच्या बायकांनी भरू लागली. पण शिबिरातला आकडा आणि नागपूरचा मंडप यांत फरक आहे, आणि तो साधनाचा नाही. शिबिरात लक्ष्य ठरवणारा कचेरीत होता. नागपूरला ज्या बायकांच्या कुशीबद्दल बोलणे चालले होते त्या समोर बसल्या होत्या, आणि त्याच बायका घटस्फोट, रजा आणि मुकादम यांवरही हात वर करून मत देत होत्या. त्यांच्या मागण्यांतली बरीचशी कलमे पुढे निरनिराळ्या कायद्यांत आली, पुन्हा सुटी सुटी: काही विवाहाच्या कायद्यात, काही १९६१च्या प्रसूतीलाभ कायद्यात. त्या १९६१च्या कायद्याने कारखाने, खाणी, मळे असे प्रकार मोजून धरले. मळे म्हणजे चहा-कॉफीचे. दर्यापूरचे वावर त्यात बसत नव्हते.